वावरातला हुरड्याचा दिवस: सहा वर्षांखालच्या लेकरांना न्यावं का?

दिवाळी सरली की नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळच्या भोवतालच्या वावरांत हुरड्याच्या सहली सुरू होतात. माणशी पैसे ठरलेले असतात. सकाळी आलूपोहे आणि चहा, मग हुरडा, दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी, बंडीतून एक फेरी, कडुलिंबाला टांगलेले झोके, चार वाजता पुन्हा चहा. मोठ्यांना हा दिवस आवडतोच. प्रश्न आहे तो दोन ते सहा वर्षांच्या लेकरांचा. इथं कुण्या एका वावराचं नाव घेतलेलं नाही. ही सेवा आज जशी मिळते, तशी ती लहान लेकरांच्या किती कामाची, हे तपासलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. जावं, नक्की जावं, पण अर्धाच दिवस, आणि तोही सकाळचा.

कारण बहुतेक ठिकाणचं वेळापत्रक मोठ्या माणसांच्या पोटाकडे बघून आखलेलं असतं. मंडळी दहा-साडेदहाला येतात, नाश्ता होतो, मग आगटी पेटते. गोवऱ्यांचा जाळ बसून नुसता विस्तव उरायला पाऊण तास तरी लागतो. हुरडा हातात येईस्तोवर बारा वाजतात. जेवण अडीचला. तीन वर्षांचं लेकरू अकरालाच भुकेनं किरकिरतं, मग गूळ-रेवड्यांवर पोट भरतं, हुरड्याला तोंड लावत नाही आणि एक वाजता झोपेला येतं. जेवणाच्या वेळी ते आईच्या खांद्यावर गाढ झोपलेलं असतं आणि उठतं तेव्हा ऊन, धूळ आणि रडारड. दिवस वाया गेला असं वाटतं, पण त्यात वावराचा दोष नसतो, वेळेचा असतो.

उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी फोन करून आगटी साडेआठला पेटवायला सांगायची. शेतकऱ्याला यात जास्तीचा खर्च नाही. मात्र आयत्या वेळी सांगून चालत नाही, कारण उघड्यावरच्या गोवऱ्या रात्रीच्या दवानं ओलसर होतात, सकाळी धूर फार करतात आणि विस्तव लवकर धरत नाहीत. आधी सांगितलं तर त्या झाकून ठेवता येतात. नऊला पोचलात, साडेनऊ ते सव्वादहा हुरडा, ऊन चढायच्या आत बंडी, बाराला जेवण, दीडच्या आत गाडीत. लेकरू परतीच्या रस्त्यात झोपतं. अर्ध्या दिवसाचा वेगळा दर देणारी ठिकाणं थोडी आहेत. दर तोच लागला तरी एवढं वेळापत्रक मागून घ्यावं.

आता मुख्य मालाकडे, म्हणजे हुरड्याकडे. पूर्वी आपल्याकडे ज्वारी खरिपाची असायची, त्यामुळे हुरडा दिवाळीच्या आगेमागे यायचा. पश्चिम महाराष्ट्रात तो रब्बीचा, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत. सोयाबीन आणि कापसानं विदर्भातली ज्वारीची जागा घेतली, आणि आता सहली घेणारे शेतकरी हुरड्यापुरता एखादा तुकडा मुद्दाम उशिरा पेरतात. म्हणून जानेवारीतही ताजा हुरडा मिळतो. पण एका तुकड्यातली कणसं हुरड्याला योग्य राहतात ती जेमतेम आठ-दहा दिवस. जो शेतकरी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरा करतो, त्याच्याकडेच हंगामभर खरा ताजा हुरडा असतो. फोनवर विचारण्याचा हा पहिला प्रश्न: पेरा किती टप्प्यांत केला आहे? ज्याला उत्तर देता येतं, त्याच्या वावरात ज्वारी आहे. ज्याला येत नाही, तो बहुधा बाहेरून सोललेला, थंड पेटीत ठेवलेला हुरडा आणून तव्यावर गरम करून देतो. तो खायला वाईट नसतो, पण त्यासाठी लेकराला घेऊन तीस-चाळीस किलोमीटर जायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न वाणाचा. भाकरीच्या ज्वारीचाही हुरडा होतो, पण त्याचं तूस दाण्याला घट्ट धरून राहतं. हुरड्याच्या ज्वारीचं तूस सैल असतं, चोळलं की दाणा मोकळा होतो, आणि तो गोडही जास्त. ‘वाणी’ ही आपल्या भागातली जुनी हुरड्याची ज्वारी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी ‘कार्तिकी’ हे वाण दिलं आहे. काही जण गुळभेंडी किंवा सुरती लावतात. यातलं कोणतंही चालेल. लहान लेकरांच्या बाबतीत हा चवीपुरता मुद्दा नाही, कारण सगळ्यात जास्त त्रास तुसाचाच होतो.

हुरडा भाजताना जवळ उभं राहून बघा, म्हणजे कुठं काय बिघडतं ते कळतं. आगटीचा खड्डा हातभर रुंद आणि वीतभर खोल असतो. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसलेला हवा. वर राखेचा पांढरा थर आणि खाली लाल विस्तव. कणीस खुडायच्या आधी दाणा नखानं दाबून बघतात. पांढरं दूध उडालं तर अजून कच्चं, नख रुतलंच नाही तर जून झालं. मऊ कणकेसारखं दाबलं गेलं की बरोबर. देठाकडून धरून कणीस विस्तवात खुपसतात, तीन-चार मिनिटं, मधून एकदा फिरवतात. बाहेर काढल्यावर तूस तांबूस-काळं दिसतं, पण आतला दाणा हिरवाच असतो. देठ धरून कणीस पाटीच्या काठावर आपटतात, राख झडते, आणि मग गरम असतानाच दोन्ही तळव्यांत धरून चोळतात. हे काम सवयीच्या हातांचं आहे. कणीस हातात एवढं तापलेलं असतं की नवख्याला क्षणभरही धरवत नाही. दाणे पोत्यावर पडतात, सुपात घेऊन पाखडतात, फुंकर मारतात, तूस उडतं. मध्यम कणसातून मूठभर, फार तर दीड मूठ हुरडा निघतो. तो त्याच पाच मिनिटांत खायचा. गार झाला की चिवट होतो.

जाळ पूर्ण बसायच्या आत कणीस घातलं तर बाहेरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. असा कच्चा हुरडा लेकरांच्या पोटात दुखायला कारण होतो. म्हणून पहिल्या खेपेचा हुरडा मोठ्यांनी खावा, दुसऱ्या खेपेचा लेकरांना द्यावा. दुसऱ्या खेपेला विस्तव सारखा झालेला असतो आणि भाजणाऱ्याचा हातही बसलेला असतो.

लेकरांचा वाटा सुपातून दोनदा पाखडून घ्या आणि ताटलीत पसरून बोटानं एकदा निवडा. तुसाचा एक कण टाळूला चिकटला की लेकरू खोकतं, ओकारी काढतं, आणि मग दिवसभर हुरडा म्हटलं की तोंड घट्ट मिटतं. चांगल्या ठिकाणी ही निवडीची ताटली न मागता वेगळी येते. ज्या ठिकाणी ती येते, त्यांना आमच्याकडून पुरे गुण.

किती द्यावा? दीड ते तीन वर्षांच्या लेकराला दोन-तीन चमचे, तेही बोटांनी दाबून मऊ करून. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला त्याच्या स्वतःच्या मुठीनं एक मूठ, फार तर दोन. हुरडा जड असतो. गोड लागतो म्हणून लेकरं मागत राहतात आणि संध्याकाळी पोट फुगतं. वरून पाण्याऐवजी ताक द्यायची जुनी रीत चांगली आहे, फक्त ताक सकाळचं आणि आंबट नसलेलं असावं. हुरड्यासोबत येणारी लसणाची किंवा जवसाची चटणी तिखट असते. लेकरांसाठी किसलेला गूळ आणि सुकं खोबरं मागा. गुळाचा खडा देऊ नका, किसच द्या.

आणि हे स्पष्ट लिहितो: चार वर्षांखालच्या लेकराला शेंगदाणे, फुटाणे, बियांसकट बोरं आणि उसाचे तुकडे देऊ नयेत. हे सगळे जिन्नस हुरड्याच्या पाटीशेजारीच मांडलेले असतात आणि लेकरांच्या हाताला बरोबर पोचतात. पळता पळता तोंडात टाकलेला अख्खा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. बोरं द्यायची तर बिया काढून, गर तेवढा. उकडलेल्या ओल्या तुरीच्या शेंगा मात्र सोलून द्या, दाणा मऊ असतो आणि शेंग सोलण्यात लेकराचा वेळ छान जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला वावरातला ताजा मध कुणी प्रेमानं चाटवू लागलं तरी नको म्हणा. धारोष्ण दूधही नको, उकळूनच.

ज्वारीचा गोड धांडा चघळायला लेकरांना फार आवडतं. उसासारखाच तोही चार वर्षांवरच्यांनाच, मोठ्यांनी सोलून, बोटाएवढा तुकडा करून द्यावा, कारण सालीची कड ओठ चिरते. मात्र वावरात कापलेल्या ज्वारीच्या बुडाला जे कोवळे फुटवे येतात, त्यांना हात लावू देऊ नका. त्यांत विषारी घटक असतो, जनावरं ते खाऊन दगावतात, म्हणूनच शेतकरी त्या तुकड्यात गाय सोडत नाही.

आगटीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण या सेवेतला सगळ्यात मोठा धोका तोच आहे आणि तो हुरडा भाजताना नसतो. भाजताना सगळे सावध असतात. धोका असतो दुपारी. बारा वाजता आगटीवर राखेचा मऊ, करडा थर बसतो. दिसायला ती धुळीच्या ढिगासारखी, आणि लेकराला धुळीत पाय घालायला आवडतं. त्या राखेखाली तीन-चार तास विस्तव जिवंत असतो. म्हणून पोचल्याबरोबर बघा: आगटीभोवती दगडांचं किंवा विटांचं कडं आहे का, झोके आणि आगटी यांत निदान वीस पावलांचं अंतर आहे का, आणि हुरडा संपल्यावर कुणी त्यात पाणी ओतून वर लोखंडी घमेलं पालथं घालतं का. यातलं एकही नसेल तर दोन बादल्या पाणी तुम्हीच मागून ओता. रोडगे दुसऱ्या आगटीत असतील तर तिथेही जेवणं आटोपल्यावर हेच. लेकरांच्या पायात बंद बूट असू द्या, चपला नकोत. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, बटाटा काही लावायचं नाही. फोड आला किंवा भाजलेली जागा लेकराच्या तळहाताहून मोठी असली तर सरळ दवाखाना.

जेवणात रोडगे असतील तर ते ठिकाण आम्ही अर्धा गुण वर धरतो. गव्हाची जाडसर कणीक, ओवा, मीठ, थोडं तेल, घट्ट मळून. एका पारीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, मध्ये तेलाचा हात, आणि बाहेरून गोळा वळून विस्तवात पुरायचा. अर्धा-पाऊण तास, मधून उलटवत. झाला की पृष्ठभागाला भेगा पडतात आणि बोटानं टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. राख फडक्यानं पुसून, फोडून वर तुपाची धार. लेकरांना बाहेरचं कवच चावत नाही. आतला पदरांचा मऊ गाभा काढून वरणात कुस्करून, वर तूप घालून द्या. दोन वर्षांचं लेकरूही ते खातं. वांग्याच्या भाजीची तर्री त्यांच्यासाठी नाही, म्हणून फोडणी आणि तिखट पडायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढायला सकाळीच सांगून ठेवा. दुपारी सांगितलं तर सगळ्या पातेल्यांत तिखट पडून गेलेलं असतं. रोडगे घाईत काढले तर आतला पदर चिकट राहतो. तसा रोडगा लेकरांना देऊ नका, परत विस्तवात घालायला सांगा, त्यात संकोच कसला.

बंडीची फेरी ही लेकरांच्या दिवसातली खरी गंमत. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरवणाऱ्या आपल्या लेकरांना बैल नवा नसतो, पण खऱ्या बैलाचा श्वास आणि मान हलली की वाजणारी घुंगरं जवळून अनुभवायला मिळतात ती इथंच. लोखंडी धावेची लाकडी चाकं असलेली बंडी दिसायला देखणी, पण दगडाळ वाटेवर दणके फार देते. टायरची बंडी लहान लेकरांना बरी. बंडीत कडब्याचा थर आणि त्यावर पोतं किंवा सतरंजी हवी. लेकरांनी मधोमध बसायचं, मोठ्यांनी कडेला. बाजूनं पाय सोडून बसू देऊ नका. चाक आणि बंडीची बाजू यांतल्या फटीत लहान पाय सहज जातो. कण्याला लावलेलं काळं वंगण कपड्यावरून निघत नाही, एवढं लक्षात ठेवून चढवा-उतरवा. उतरताना बैल धरलेले असावेत. फेरी दहा-पंधरा मिनिटांची पुरते. अर्धा तास झाला की लेकरं कंटाळतात आणि बैलही. दुपारी बाराच्या उन्हात बैल जुंपणाऱ्या ठिकाणी आम्ही फेरी घेणार नाही, लेकरं रडली तरी.

झोके, घसरगुंडी, ट्रॅम्पोलिन यांवर खर्च केलेली ठिकाणं हल्ली वाढली आहेत. त्यांचा आम्हाला विशेष मोह नाही. लहान लेकरांना वावरात लागतं ते एवढंच: सावलीतला मुरमाचा किंवा रेतीचा ढीग, दोन-तीन डबे, एक बादली पाणी, कोठ्यातलं वासरू आणि ज्याला वेळ आहे असा एक माणूस. कडब्याच्या गंजीवर मात्र चढू देऊ नका, तिच्यात विंचू-साप असू शकतात. दोन-चार पेंढ्या मोकळ्या अंगणात पसरून मागा आणि आधी त्या काठीनं उलटून बघा. मोठ्या आवाजात गाणी लावणारं ठिकाण लेकरांसाठी टाळावं. ज्वारीवर उतरणारे पोपट, बाजूच्या तुरीत ओरडणारा मोर, गोफणीचा आवाज, हे सगळं ऐकायलाच तर तिथं जायचं.

पाणी ही पुढची काळजीची जागा. वावरात विहीर असतेच. तिला निदान कमरेएवढा पक्का कठडा किंवा वर लोखंडी जाळी नसेल तर त्या ठिकाणी लहान लेकरू नेऊ नये, बाकी सगळं कितीही छान असो. शेततळं त्याहून फसवं. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून गावोगाव शेततळी झाली. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल हा त्यातला मोठा आकार. ज्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्याच्या उतरत्या बाजू ओल्या झाल्या की इतक्या गुळगुळीत होतात की पोहता येणारा मोठा माणूसही आधाराशिवाय वर येऊ शकत नाही. भोवती तारेचं कुंपण, बंद दार आणि काठावर बांधलेला दोर किंवा ट्यूब असलीच पाहिजे. ‘आमचं शेततळं दूर आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, चार वर्षांचं लेकरू पाच मिनिटांत दूर जातं.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झटका मशीनची तार असते. सौरऊर्जेवरच्या झटक्यानं जीव जात नाही, पण लेकरू घाबरून पडतं. सहल असेल त्या दिवशी ते बंद ठेवायला सांगा. काही वावरांत सरळ विजेच्या लाइनवरून तारेत प्रवाह सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि जीवघेणं आहे. बाजूच्या वावराबद्दलही विचारून घ्या, कारण धुरा दोघांचा असतो.

फवारणीचा प्रश्न लोक विचारायला लाजतात. लाजू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, माणसं गेली, हे आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. हुरड्याच्या तुकड्यावर, बाजूच्या कपाशीवर आणि हरभऱ्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारा. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी होते, आणि नेमका तेव्हाच हिरवा हरभरा उपटून खायचा मोह होतो. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. शेतकऱ्याला ते सांगता आलं पाहिजे. सांगता आलं तरी हरभरा धुऊन, सोलून मगच द्या. त्याच्या पानांवर आंबट, आम्लाचा ओलावा असतो, त्यानं लेकरांच्या ओठांची आणि बोटांची आग होते. फवारणीचे पंप आणि रिकामे डबे लेकरं फिरतील तिथं पडलेले दिसले तर आल्या पावली परत फिरायला हरकत नाही.

कापूस वेचायला लेकरांना जरूर द्या, पण दाखवून. बोंड उमललं की त्याचे चार-पाच कप्पे होतात. सगळ्या कप्प्यांतला कापूस एकदम चिमटीत धरून ओढला की सरळ निघतो. एकेक कप्पा ओढला तर वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात. आठ-दहा बोंडं पुरेत. तो कापूस पिशवीत घालून घरी नेऊ द्या, घरी सरकी मोजायचा खेळ होतो. बाजूनं फिरताना धुऱ्यावरच्या वेलीवर तपकिरी, मखमली, लव असलेल्या शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली. लेकराचा हात लागलाच तर चोळू नका. चिकटपट्टी किंवा कणकेचा गोळा हलक्या हातानं टेकवून लव उचला, मग भरपूर पाण्यानं धुवा, आणि कपडे बदला, कारण लव कपड्यातच राहते.

शौचालय आणि सावली यांबाबत फोटोवर विश्वास ठेवू नये. व्हॉट्सअॅपवर आजचा फोटो मागावा. शौचालयात पाण्याची टाकी भरलेली असावी, आणि बाळाचे कपडे बदलायला एक खाट किंवा ओटा. सावली म्हणजे झाडाची, पत्र्याची नव्हे. जानेवारीतही दुपारी पत्र्याखाली उकडतं. सकाळी मात्र आपल्याकडे चांगलीच थंडी असते, म्हणून एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे घाला. पिण्याच्या पाण्याचे कॅन येतात तिथेही लेकरांचं पाणी घरून नेलेलं बरं. सोबत मीठ-साखरेची दोन पाकिटं, जास्तीचे दोन जोड कपडे, ओला रुमाल आणि जुनी चादर. एवढ्यात भागतं.

दराबद्दल आकडा लिहीत नाही, तो जिल्ह्यागणिक आणि वारागणिक बदलतो. विचारायचं ते असं: किती वर्षांपर्यंत फुकट, अर्धा दर कुठून सुरू, बंडीचे वेगळे का, आणि हुरडा पोटभर की पाटीमागे. लेकरं खातात चमचाभर, तेव्हा तीन वर्षांच्या लेकराचा पूर्ण दर घेणाऱ्याला घासाघीस करायला काही वाटू देऊ नका. एक बारीक खूण सांगतो. ज्या शेतकऱ्यानं फोनवर आधी ‘लेकरं किती, केवढी?’ असं विचारलं, त्याच्याकडे वरच्या बहुतेक गोष्टी व्यवस्थित आढळतात. ज्यानं आधी आगाऊ रक्कम आणि माणसांची संख्या विचारली, तिथं थोडं जपून. २०२० च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली आहे का, हेही विचारता येतं. छोट्या शेतकऱ्याकडे ती नसेल म्हणून तो वाईट ठरत नाही, पण मोठा बोर्ड लावून शंभर-दोनशे माणसं घेणाऱ्याकडे ती असावी, आणि प्रथमोपचाराची पेटीही.

रविवार टाळता आला तर टाळा. रविवारी आगटीभोवती गर्दी, बंडीला रांग आणि हुरडा चोळणारे हात तेवढेच. शनिवारी सकाळी तोच शेतकरी तुमच्या लेकराला वासराच्या पाठीवरून हात फिरवायला स्वतः घेऊन जातो.

हुरड्याचा हंगाम चुकलाच, तर काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा लेकरांना तितक्याच रमवतात. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथं आगटी नाही, ही मोठी सोय. पण फळ ओढून तोडू देऊ नका. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि ते फळ टिकत नाही. मोठ्यानं कात्रीनं देठ कापायचा, लेकरानं खाली ओंजळ धरायची. झाडाला बारीक काटे असतात आणि ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो, तेवढं सांभाळा. वर्ध्याकडून निघणार असाल तर परतताना सेवाग्राम आश्रमाचं आवार चांगलं. गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. कुटी, मोठी झाडं आणि शांत अंगण, अर्धा तास लेकरं निवांत चालतात.

घरी पोचल्यावर झोपलेलं लेकरू तसंच अंथरुणात टाकायचा मोह होतो. तो टाळा. कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात टाका, लेकराला साबणानं आंघोळ घाला, आणि काखा, जांघा, कानामागची जागा नीट बघा. गवतातले बारीक किडे तिथंच चिकटतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, ती अशाच गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून. पावसाळ्यात आणि तो सरल्यावर गवत हिरवं असेस्तोवर हे जास्त जपायचं. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत लेकराला ताप आला आणि अंगावर कुठं काळी खपली असलेला डाग दिसला, तर डॉक्टरांना वावरात गेलो होतो हे आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.